वाचकांचे प्रश्न : कीबोर्डखालची मेमरी

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्या घरी २०१३ साली घेतलेला एक लॅपटॉप आहे. वास्तुरचनेचे शिक्षण घेणारी माझी मुलगी सध्या तोच वापरते. त्यात ८ जीबी मेमरी आहे आणि ती १६ जीबी करावी असा आमचा विचार आहे. पाठीवरचे झाकण उघडल्यावर मेमरीची ४ जीबीची एकच पट्टी दिसली. दुसरी कीबोर्डच्या खाली असल्याचे कंपनीच्या पुस्तिकेत म्हटले आहे. त्याप्रमाणे मागचे दोन स्क्रू काढले आणि कीबोर्ड पडद्याच्या दिशेने सरकवला. पुढची कड वर आली, परंतु उजवीकडचा भाग जागचा हलत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच बाजूला चहा सांडला होता. जोर लावला तेव्हा कीबोर्डचा पत्रा वाकू लागला, म्हणून थांबलो. कीबोर्ड न मोडता कसा काढावा? आणि इतक्या जुन्या यंत्रासाठी ही खटपट करणे योग्य ठरेल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : पत्रा वाकतो आहे हे लक्षात येताच आपण थांबलात, हे फार चांगले केलेत. लॅपटॉपचा कीबोर्ड अतिशय पातळ पत्र्यावर बसवलेला असतो. त्या पत्र्याला एकदा बाक आला की तो पुन्हा सपाट होत नाही आणि नंतर त्या भागातील कळा एक तर अडकतात किंवा दोनदा उमटतात. आपण लॅपटॉपचे मॉडेल कळवले आहे, परंतु ते येथे मुद्दाम छापलेले नाही, कारण हे उत्तर त्या काळातील बऱ्याच यंत्रांना लागू पडते. उदाहरणार्थ, लेनोव्होचे थिंकपॅड डब्ल्यू५२० आणि डब्ल्यू५३०, एचपीचे एलिटबुक ८५६०डब्ल्यू किंवा डेलचे प्रिसिजन एम४६०० यांच्या चार कोअरच्या आवृत्त्यांत मेमरीचे चार स्लॉट, म्हणजे पट्टी बसवण्याच्या चार जागा, असतात. त्यांपैकी दोन पाठीवरच्या झाकणाखाली आणि दोन कीबोर्डखाली असतात. अशी यंत्रे वापरलेल्या स्थितीत पुण्यात आजही भरपूर विकली जातात, त्यामुळे आपल्यासारखी अडचण इतरांनाही येत असणार.

कीबोर्डला हात लावण्याआधी एक गोष्ट पडताळून पाहावी. मुलगी नेहमीचे काम करत असताना, म्हणजे रेखाटनाचा प्रोग्रॅम, ब्राउझर आणि पीडीएफ सगळे उघडे असताना, टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स या विभागात मेमरीचा आलेख पाहावा. वापर सतत ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर मेमरी वाढवल्याने निश्चित फरक पडेल. वापर ६० टक्क्यांच्या आसपास असूनही यंत्र रखडत असेल, तर अडचण बहुधा डिस्कची आहे. त्यात अजून फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवावी. तेवढ्याच पैशांत मेमरीपेक्षा कितीतरी अधिक वेग मिळेल, आणि बहुतेक मॉडेलांत त्यासाठी कीबोर्ड काढावाही लागत नाही. टास्क मॅनेजरच्या त्याच खिडकीत किती स्लॉट भरलेले आहेत हेही दिसते. विंडोज ३२ बिटची आहे की ६४ बिटची, हे सेटिंग्जमधील सिस्टिम या भागात पाहावे, कारण ३२ बिटची विंडोज ४ जीबीच्या पलीकडची मेमरी वापरूच शकत नाही.

मेमरीच हवी असे ठरले, तर माझा पहिला सल्ला कीबोर्ड न काढण्याचा आहे. पाठीवरच्या झाकणाखालची ४ जीबीची पट्टी काढून तिथे ८ जीबीची बसवली, तर कीबोर्डखालची ४ जीबी मिळून एकूण १२ जीबी होते. असमान पट्ट्या एकत्र चालत नाहीत असा एक समज आहे. आपल्या यंत्रातील इंटेल प्रोसेसरच्या बाबतीत तो खरा नाही. दोन्हींकडचे ४-४ जीबी जोडीने पूर्ण वेगाने चालते, उरलेली ४ जीबी एकेरी आणि थोडी संथ चालते, आणि हा फरक नेहमीच्या कामात जाणवण्याइतका मोठा नसतो. १२ जीबीत मुलीचे काम भागत असेल, तर कीबोर्ड आहे तिथेच राहू द्यावा. आपल्याला १६ जीबीच हवी असेल किंवा कीबोर्डखालची पट्टीच सदोष निघाली असेल, तरच पुढचा मार्ग धरावा.

सुरुवात वीज पूर्ण तोडण्यापासून करावी. विंडोज नेहमीच्या पद्धतीने बंद केल्यावर पुष्कळदा अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते, म्हणून शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन निवडावे. नंतर चार्जर काढावा, बॅटरी काढावी आणि चालू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला भार निघून जातो. बॅटरी आतल्या बाजूला बसवलेली असेल, तर तिचा कनेक्टर सुटल्याशिवाय पुढे जाऊ नये. बॅटरी फुगलेली दिसली, किंवा टचपॅड अथवा कीबोर्ड आतून वर उचलला गेल्यासारखा वाटला, तर काम तिथेच थांबवून यंत्र जाणकाराकडे द्यावे. फुगलेल्या लिथियम बॅटरीजवळ कोणतेही अवजार खुपसणे धोक्याचे आहे.

अंगावरच्या स्थिर विजेचाही विचार करावा, विशेषतः मार्च-एप्रिलमधल्या पुण्याच्या कोरड्या दुपारी. पूर्वी नळाला हात लावला की हा भार जमिनीत जाई, परंतु आता बहुतेक इमारतींमध्ये प्लॅस्टिकचे पाइप असल्याने नळाचा तसा भरवसा उरलेला नाही. मनगटाला बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत सहज मिळतो. तो नसेल, तर लॅपटॉपच्या आतील उघड्या धातूला मधूनमधून हात लावत राहावे, सिंथेटिक कपडे टाळावेत आणि पलंगावर किंवा सतरंजीवर बसून हे काम करू नये.

आता मूळ अडचणीकडे येतो. कीबोर्ड निघत नाही याचा अर्थ त्याला कोणीतरी अजून धरून ठेवलेले आहे, आणि ते कोण हे ओळखेपर्यंत बळ वापरायचे नाही. धरून ठेवणाऱ्या गोष्टी फारशा नसतात. एखादा स्क्रू राहिलेला असतो, कडेच्या प्लॅस्टिकच्या जिभा चौकटीत अडकलेल्या असतात, खाली दुतर्फी चिकटपट्टी असते, किंवा आपल्याकडे झाले तसे काहीतरी सांडून वाळलेले असते. पुढची कड दोन्ही हातांनी अगदी हलकेच, जेमतेम अर्धा सेंटिमीटर उचलून पाहावी. एका ठरावीक बिंदूभोवतीच पत्रा ताणला जात असेल आणि तो बिंदू दगडासारखा घट्ट असेल, तर तिथे स्क्रू आहे असे समजावे. एक संपूर्ण पट्टा जड वाटत असेल, पण दाब ठेवल्यावर तो किंचित चिवटपणे सुटत असेल, तर तिथे चिकटपट्टी किंवा वाळलेला चहा आहे. मागची कड सबंधच हलत नसेल, तर जिभा अडकल्या आहेत.

स्क्रूचा संशय आला, तर यंत्र पालथे करून पुन्हा नीट पाहावे. कीबोर्डच्या स्क्रूंजवळ बहुतेक कंपन्या कीबोर्डचे चिमुकले चित्र कोरतात, परंतु ते मळाने बुजलेले असते, आणि एखादा स्क्रू मेमरीच्या झाकणाच्या आत, बॅटरीच्या खोलगट जागेत किंवा रबरी बुचाखाली लपलेला असतो. काही मॉडेलांत मागून एकही स्क्रू नसतो. कीबोर्ड आणि पडदा यांच्यामधली अरुंद प्लॅस्टिकपट्टी काढली की तिच्याखाली स्क्रू सापडतात. काही स्क्रूंच्या आट्यांवर निळा लेप असतो, त्यामुळे पहिला फेरा घट्ट जातो. अशा वेळी योग्य मापाचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर सरळ उभा धरून, वरून चांगला दाब देऊन फिरवावा. तो तिरका धरला तर स्क्रूचे डोके झिजते. एका कागदावर लॅपटॉपची बाह्यरेषा काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवावा. त्यांची लांबी सारखी नसते, आणि लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला, तर तो मदरबोर्डवर टेकतो किंवा वरच्या चौकटीला आतून भोक पाडतो.

जिभांच्या बाबतीत बहुतेकांचे दिशेकडे दुर्लक्ष होते. आपल्या पद्धतीच्या यंत्रात कीबोर्ड आधी पडद्याकडे सरकवायचा असतो, म्हणजे पुढच्या जिभा हात टेकवण्याच्या भागाखालून बाहेर येतात. मागच्या जिभा मात्र त्याच हालचालीने चौकटीखाली आणखी आत जातात. त्यामुळे पुढची कड वर आल्यावर कीबोर्ड सरळ वर उचलायचा नसतो, तर थोडा तिरका धरून स्वतःकडे ओढून घ्यायचा असतो.

आपल्या बाबतीत मात्र सांडलेला चहा हेच कारण असावे असे मला वाटते, कारण अडकलेली बाजू आणि चहा सांडलेली बाजू एकच आहे. आपला चहा दूध-साखरेचा. पाणी उडून गेल्यावर साखर आणि दुधाचा अंश मिळून खळीसारखा थर तयार होतो, आणि कीबोर्डचा पत्रा खालच्या चौकटीला चिकटून बसतो. हा थर सैल करण्यासाठी आधी ऊब द्यावी. केस वाळवण्याचे ड्रायर कमी उष्णतेवर ठेवून, साधारण पंधरा-वीस सेंटिमीटर अंतरावरून, एका जागी न थांबवता उजव्या बाजूवर दीड-दोन मिनिटे फिरवावे. बोट ठेवून सहन होईल एवढेच ते गरम व्हावे. त्याहून जास्त झाले तर कळा वेड्यावाकड्या होतात. मग एखादे मुदत संपलेले प्लॅस्टिकचे कार्ड किंवा गिटार वाजवण्याचे प्लेक्ट्रम पुढच्या कडेखाली सरकवावे आणि वर न उचलता आडवे, करवतीसारखे हळूहळू उजवीकडे न्यावे. धातूचे पाते वापरू नये. कीबोर्डच्या खालीच मदरबोर्ड असतो, आणि पाते सटकले की नुकसान कीबोर्डपुरते राहत नाही.

एवढ्याने सुटले नाही, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. ते ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध असावे. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानांत सफाईसाठी म्हणून ते मिळते. येथे एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. हा द्रव पेट घेतो. म्हणून ड्रायरचे काम आधी संपवून, यंत्र थंड झाल्यावर, खिडकी उघडी ठेवून आणि देवघरातील दिवा, उदबत्ती, गॅस यांपासून दूर बसून तो वापरावा, आणि त्यानंतर त्या दिवशी ड्रायर पुन्हा हातात घेऊ नये. कापसाची काडी भिजवून, निथळून, पत्रा आणि चौकट यांच्या फटीत फिरवावी. लॅपटॉप अशा प्रकारे तिरका ठेवावा की जास्तीचा थेंब बाहेरच्या बाजूला ओघळेल. चार-पाच मिनिटे थांबून कार्ड पुन्हा आडवे फिरवावे. शुद्ध अल्कोहोलमध्ये साखर फारशी विरघळत नाही, परंतु चिकटपट्टीचा डिंक आणि तेलकट मळ त्याने सैल होतो. थर निव्वळ साखरेचाच असेल, तर काडीला अल्कोहोलबरोबर उकळून गार केलेल्या पाण्याचा नुसता स्पर्श द्यावा आणि नंतर ती जागा शुद्ध अल्कोहोलने पुन्हा पुसून घ्यावी. हे दोन-तीनदा करावे लागेल आणि त्यात अख्खी दुपार जाईल, तेव्हा मुलीचे काम सादर करण्याच्या आदल्या दिवशी हे हाती घेऊ नये. नेलपॉलिश काढण्याचा द्रव कधीही वापरू नये, कारण त्यातील ॲसिटोन प्लॅस्टिक विरघळवते. गंजलेल्या बिजागरीला मारायचे तेलकट स्प्रेही येथे चालत नाहीत.

कीबोर्ड सुटला असे वाटताच तो झटक्यात उचलू नये. त्याच्या खालून एक चपटी रिबन केबल मदरबोर्डकडे जाते, आणि तिची लांबी कीबोर्ड पालथा करण्यापुरतीच असते. दोन-तीन सेंटिमीटर उचलून आत टॉर्च मारावा, केबल कुठे आहे ते पाहावे आणि मग चौकटीवर मऊ फडके अंथरून कीबोर्ड पालथा ठेवावा. केबल धरणाऱ्या कनेक्टरवर बहुतेक वेळा काळा किंवा तपकिरी, काडीइतका बारीक खटका असतो. काही खटके नखाने दारासारखे वर उघडतात, तर काही दोन्ही टोकांकडून सारखेच, मिलिमीटरभर बाहेर सरकतात. खटका सुटला की केबल बळ न लावता बाहेर येते. बळ लागत असेल, तर खटका उघडलेला नाही. काही यंत्रांत खटक्याऐवजी नुसता दाबून बसवलेला कनेक्टर असतो आणि तो सरळ वर उचलायचा असतो. मेमरी बदलताना कीबोर्ड नीट बाजूला ठेवता येत असेल, तर केबल काढूही नये.

मेमरी बसवणे हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. पट्टीच्या दोन्ही बाजूंचे खटके बाहेर ढकलले की ती स्वतःहून तिरकी वर येते. नवी पट्टी साधारण ३० अंशांत, सोनेरी टोके दिसेनाशी होईपर्यंत आत सरकवावी आणि मग खाली दाबावी; दोन्ही बाजूंना टक् असा आवाज यायला हवा. खरेदी करताना एवढे पाहावे, की आपल्या यंत्राला डीडीआर३ प्रकारची, २०४ टोकांची, लॅपटॉपची पट्टी लागते. लेबलवर पीसी३ असे असेल तर ती १.५ व्होल्टची आणि पीसी३एल असे असेल तर १.३५ व्होल्टची. आपल्या यंत्रातील प्रोसेसर इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा आहे, त्यामुळे त्यात दोन्ही चालतात. परंतु चौथ्या पिढीपासूनच्या डीडीआर३ लॅपटॉपना साधारणपणे १.३५ व्होल्टचीच लागते, म्हणून शंका असेल तिथे पीसी३एल घ्यावी. जुनी पट्टी सोबत नेऊन दुकानदाराला दाखवावी. वापरलेली पट्टी घ्यायला हरकत नाही, मात्र बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी आणि पहिल्याच रात्री मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम चालवून ठेवावा. त्यात एक जरी चूक दिसली, तरी पट्टी परत करावी.

सगळे स्क्रू लावण्यापूर्वी केबल जोडून, कीबोर्ड नुसता जागेवर टेकवून आणि बॅटरी बसवून यंत्र एकदा सुरू करावे, आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, १६ जीबी दिसते का ते पाहावे. पडदा काळाच राहिला, तर घाबरून जाऊ नये. बहुतेक वेळा पट्टी पूर्ण आत गेलेली नसते. वीज तोडून ती काढावी आणि पुन्हा बसवावी.

योग्य-अयोग्यतेचे म्हणाल, तर विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर, थोडे अपवाद सोडले तर, अधिकृतपणे चालत नाही. मुलीचे रेखाटनाचे प्रोग्रॅम विंडोजवरच चालणारे असतील, तर या यंत्रावर फार मोठा खर्च करू नये. मेमरीच्या एका पट्टीएवढा खर्च मात्र मला वावगा वाटत नाही, कारण शिक्षणाची उरलेली वर्षे त्यात निभावतील आणि पुढे विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घालून तेच यंत्र घरात वाचन-लेखनासाठी उत्तम चालेल.

प्रश्न : माझा २०२१ सालचा पातळ लॅपटॉप आहे. मेमरी वाढवण्यासाठी कीबोर्ड तोडूनच काढावा लागेल असे मला सांगण्यात आले. हे खरे आहे का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : कीबोर्ड सहज निघत नाही हे खरे आहे, परंतु मेमरीसाठी तो काढण्याची गरज नसते. आजच्या बहुतेक पातळ यंत्रांत कीबोर्ड वरच्या चौकटीला प्लॅस्टिकच्या वितळवलेल्या खुंट्यांनी कायमचा बसवलेला असतो. मेमरी असलीच तर पाठीचे संपूर्ण झाकण उघडल्यावर दिसते. मात्र ती तिथे सुटी आहे की मदरबोर्डवर डाग देऊन (सोल्डर करून) पक्की केलेली आहे, हे आधी पाहावे. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या खाली फॉर्म फॅक्टर अशी ओळ असते. तिथे एसओडिम असे लिहिले असेल, तर पट्टी सुटी आहे. रो ऑफ चिप्स असे असेल, तर ती मदरबोर्डवरच आहे. अशा वेळी एखादा जादा स्लॉट आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावरील सेवा-पुस्तिकेत पाहावे. तो नसेल, तर मेमरी वाढवता येणार नाही, आणि कीबोर्ड तोडल्यानेही त्यात बदल होणार नाही. ॲपलने मॅकबुक प्रोच्या मालिकेत २०१२ च्या रेटिना मॉडेलपासून मेमरी मदरबोर्डवरच पक्की करण्याची पद्धत स्वीकारली, त्यामुळे तशा यंत्रांत खरेदीच्या वेळीच पुढच्या चार-पाच वर्षांचा विचार करून मेमरी निवडावी लागते.

प्रश्न : मेमरी बदलून कीबोर्ड पुन्हा बसवला, तर काही कळा चालेनाशा झाल्या. कीबोर्ड गेला का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : बहुधा नाही. कीबोर्डच्या कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत जोडलेल्या असतात. त्यामुळे केबलचे एक टोक जरी नीट टेकले नाही, तरी एकमेकींशी संबंध नसलेल्या चार-सहा कळा एकदम बंद पडतात. नेमक्या कोणत्या कळा बंद आहेत ते लिहून ठेवावे. मग वीज तोडून केबल बाहेर काढावी आणि तिच्या टोकांवर अल्कोहोलची काडी फिरवून ती पुन्हा बसवावी. केबलवर कनेक्टरजवळ एक पांढरी आडवी रेघ असल्यास ती कनेक्टरच्या कडेला अगदी समांतर दिसली पाहिजे. ती तिरकी दिसत असेल, तर केबल एका बाजूने कमी आत गेली आहे. त्यानंतर खटका दोन्ही टोकांना सारखाच दाबावा. बंद कळांची यादी बदलली, तर दोष बसवण्यात आहे आणि आणखी एकदा प्रयत्न केल्यास तो सुटेल. यादी तीच राहिली, तर केबलवरच्या एखाद्या तारेला चीर गेलेली असते. तेव्हा त्या मॉडेलचा नवा कीबोर्ड घ्यावा आणि तोपर्यंत यूएसबीचा बाहेरचा कीबोर्ड लावून काम चालवावे. खटकाच तुटला असेल, तर तो स्वतः चिकटवू नये, कारण गोंद टोकांपर्यंत गेला की सबंध कनेक्टर बदलावा लागतो. ते काम सूक्ष्म डाग देण्याचे साहित्य असलेल्या दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्यावे.